विचारा बिनधास्त : १३ हजारांना सोडवायला २३ हजार

मागच्या अंकात सोमच्या लढाईवरचा प्रश्न घेतला होता, १ जुलै १९१६ ला एका दिवसात ब्रिटिशांची ५७,४७० माणसं पडली आणि त्यातली १९,२४० मेली, तो. त्यावर पत्रं आणि मेल भरपूर आले, पण निम्म्या लोकांचं म्हणणं एकच, की फ्रान्सचं ठीक आहे हो, आमच्या घरातला माणूस तर बसऱ्याला गेला होता, त्याचं काय. बरोबर आहे तुमचं. कोकणात आणि सातारा-सांगलीकडे जुनी माणसं "जर्मनची लढाई" म्हणायची आणि पुढच्याच वाक्यात बसरा यायचा, आता जर्मन कुठे आणि बसरा कुठे हे विचारायची कुणाची टाप नव्हती. म्हणून या वेळी सगळे प्रश्न मेसोपोटेमियाचे, म्हणजे आजच्या इराकचे, आणि त्यातही जास्त करून जानेवारी ते एप्रिल १९१६ या चार महिन्यांचे, कूट गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकलेल्या फौजेला सोडवायला गेलेल्या माणसांचे.

आमच्या गावात शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. इंग्रजीत लिहिलंय की या गावातून इतकी माणसं १९१४-१९१९ च्या महायुद्धाला गेली आणि त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. नावं नाहीत, फक्त आकडे. ही माणसं नक्की कुठे गेली असतील?
— एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

अशा पाट्या कोकणात आणि देशावर बऱ्याच गावांत आहेत, काही ठिकाणी चावडीला, काही ठिकाणी देवळाच्या आवारात, काही तर चुन्याचे इतके हात खाल्लेल्या की वाचता येत नाहीत. नुसत्या पाटीवरून माणूस कुठे गेला ते कळत नाही, तो फ्रान्सला गेला असेल, पूर्व आफ्रिकेत गेला असेल, पॅलेस्टाइनला गेला असेल. पण रत्नागिरी आणि मराठा पलटण असं जुळत असेल तर पहिला अंदाज मेसोपोटेमियाचाच करायचा.

त्याचं कारण असं. १९१४ च्या ऑक्टोबरात मुंबईहून जी फौज इराणच्या आखातात रवाना झाली तिचं नावच सहावी पूना डिव्हिजन. अबादानला तेलाची रिफायनरी होती, ब्रिटिश आरमार कोळशावरून तेलावर यायला लागलं होतं आणि त्या तेल कंपनीत ब्रिटिश सरकारने १९१४ मध्येच निम्म्याहून जास्त हिस्सा घेतलेला, त्यामुळे तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरलं तसे हे ६ नोव्हेंबरला फाओला उतरले आणि त्याच महिन्यात बसरा घेतलं. या डिव्हिजनमध्ये तीन मराठा पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७ नंबरच्या, आणि खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे फौजेतल्या बांधकामवाल्यांच्या, कंपन्याही होत्या. मराठा पलटण म्हणजे त्यात कोकणी मराठे, देशावरचे मराठे आणि दख्खनी मुसलमान असे सगळे आले, हे लक्षात ठेवा, कारण नाव शोधताना याचा उपयोग होतो (ते शेवटी सांगतो). महारांची भरती तर सरकारने १८९० नंतर बंदच करून टाकली होती, माणसं कमी पडायला लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडूनही टाकली. गरज सरो.

कूटचा वेढा म्हणतात तो नेमका काय प्रकार होता? आणि तेल राखायला गेलेली फौज तिथे इतक्या आत अडकली कशी?
— एक विद्यार्थिनी, पुणे

राखायला गेले होते हे खरं, पण पहिलं वर्ष इतकं सोपं गेलं की हाव सुटली. या डिव्हिजनचा सेनापती जनरल टाउनशेंडने जून १९१५ मध्ये अमारा घेतलं, सप्टेंबरच्या शेवटी कूट घेतलं, आणि मग वरून सगळ्यांनाच बगदाद दिसायला लागलं. बसऱ्याला बसलेला त्याचा वरिष्ठ जनरल निक्सन, सिमल्याला बसलेलं हिंदुस्थान सरकार, लंडनला बसलेलं मंत्रिमंडळ, तिकडे तुर्कस्तानात गॅलिपोलीच्या लढाईत नाक कापलं गेलंय तर इकडे बगदाद घेऊन ते झाकू असा हिशोब, आणि उंटावरून शेळ्या हाकायला यांच्यातला एकही मागे नव्हता. खुद्द टाउनशेंडला शंका होती की एवढ्याशा फौजेवर एवढ्या लांब जाणं धोक्याचं आहे, पण गेला.

२२ नोव्हेंबर १९१५ ला बगदादच्या अलीकडे टेसिफोनला तुर्कांशी गाठ पडली. तिथे एक जुनी इराणी बादशाही कमान उभी आहे, अजूनही आहे. त्या लढाईत ४,६०० माणसं मेली किंवा जायबंदी झाली, लढणाऱ्यांतला तिसरा हिस्सा तरी गेलाच. मग माघार, आणि ३ डिसेंबरला दमलेली, उपाशी फौज कूटला परत. कूट म्हणजे तैग्रिस नदीच्या वळणातलं छोटं मातीच्या घरांचं गाव, तीन बाजूंनी नदी आणि चौथी बाजू उघडी. तुर्कांनी चौथ्या बाजूला खंदक खणले की संपलं. ७ डिसेंबरला वेढा पक्का झाला.

टाउनशेंड तिथे का थांबला, आणखी मागे का गेला नाही, यावर शंभर वर्षं वाद चालू आहे. माणसं खरोखर चालायच्या लायकीची राहिली नव्हती हे एक. दुसरं माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. हा माणूस १८९५ मध्ये वायव्य सरहद्दीवर चित्रालच्या किल्ल्यात वेढ्यात अडकला होता, ४६ दिवसांनी सुटका झाली आणि तो रातोरात इंग्लंडचा हिरो झाला. एकदा ज्या गोष्टीने माणसाचं नशीब उघडतं ती तो परत करून बघतो.

पण मग सुटकेचे इतके प्रयत्न झाले तरी एकही कसा यशस्वी झाला नाही? सोडवायला आलेली फौज तर मोठी होती ना?
— एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर

सर, तुमच्या प्रश्नातच सगळी गोम आहे, म्हणून जरा लांब उत्तर देतो.

पहिली गोम धान्याची. वेढा पडल्यावर टाउनशेंडने कळवलं की धान्य एक-दोन महिनेच पुरेल. झालं, बसऱ्यात धावपळ. म्हणजे जानेवारी संपायच्या आत पोचलंच पाहिजे. फ्रान्समधून लाहोर आणि मीरत या दोन हिंदी डिव्हिजन नुकत्या इकडे वळवल्या होत्या, त्या जहाजा-जहाजाने तुकड्या-तुकड्यांनी येत होत्या, आणि बसऱ्याला धड धक्का नाही, जहाजं माल उतरवायला दिवसेंदिवस नदीत उभी. पुढे रेल्वे नाही, रस्ता नाही, आहे ती नदी आणि त्यावर मोजक्या बोटी. तेव्हा ज्या क्रमाने माणसं उतरली त्या क्रमाने पुढे लोटली. एका ब्रिगेडची पलटण दुसऱ्या ब्रिगेडमध्ये, तोफा मागे, दवाखाने तर त्याच्याही मागे. जनरल एल्मरला म्हणे ही तुझी फौज, जा आणि सोडव. ६ ते ८ जानेवारीला कूटच्या वाटेवर शेख सादला ४ हजारांच्या आसपास माणसं मेली किंवा जायबंदी झाली. १३ ला वादीला आणखी दीडेक हजार. २१ ला हन्नाला २,७०० च्या घरात.

आणि आता ऐका. जानेवारीच्या शेवटी टाउनशेंडने कूटमध्ये घरोघरी झडती घेतली, लोकांनी पुरून ठेवलेलं धान्य बाहेर काढलं, घोडे-खेचरं मोजली आणि कळवलं की एप्रिलच्या मध्यापर्यंत टिकतो. म्हणजे ती तीन लढायांची घाई, ते तुकड्यांनी लोटणं, दवाखान्याशिवाय जाणं, हे सगळं ज्या आकड्यासाठी केलं तो आकडाच चुकलेला! झडती डिसेंबरात घेतली असती तर? मला या सगळ्या प्रकरणात तुर्की मशीनगनपेक्षा हा एक आकडा जास्त जीवघेणा वाटतो, दाणे न मोजता पाठवलेली तार आणि तिच्यावर विश्वास ठेवून चाललेली माणसं. कूट शेवटी टिकलं किती? १४७ दिवस.

दुसरी गोम जमिनीची. सोमच्या वेळी मी लिहिलं होतं तसे तिथे खडूच्या खडकात खोल बंकर होते आणि काटेरी तारा होत्या. इथे तसलं काही नव्हतं, आणि त्याची गरजही नव्हती. हन्नाला एका बाजूला तैग्रिस आणि दुसऱ्या बाजूला सुवैकिया नावाची मोठी दलदल, मधली जमीन दीड किलोमीटरसुद्धा रुंद नाही, आणि तेवढ्यात तुर्कांनी आडवे खंदक खणलेले. वळसा घालायला जागाच नाही, समोरून जायचं. जमीन कशी, तर आपल्याकडे भात कापून झाल्यावर खाचरं दिसतात तशी सपाट पण बांधसुद्धा नाही, म्हणजे आडोशाला ढेकूळ मिळालं तर नशीब. दिवसा मृगजळ, तोफवाल्यांना समोर पाणी दिसतंय का माणसं तेच कळेना.

२१ जानेवारीला थोडा वेळ तोफा चालवल्या आणि माणसं सोडली. काही स्कॉटिश, जाट, डोगरा शिपाई तुर्कांच्या पहिल्या खंदकात शिरलेसुद्धा, पण मागून मदत पोचलीच नाही, जे मदतीला निघाले ते वाटेतच झोपले, आणि आत शिरलेल्यांना तुर्कांनी परत हाकललं. मग पाऊस. बंदुकीच्या खटक्यात चिखल, पायाला गोळे, थंडी अशी की जखमी माणूस रक्त जाऊन मरतोय का गारठून हे सांगता येणार नाही. रात्रभर ती माणसं उघड्यावर पडून होती, तिथून ओढून आणायला स्ट्रेचर पुरे नव्हते आणि आणलेल्यांना ठेवायला तंबू नव्हते.

८ मार्चच्या लढाईबद्दल असं वाचलं की तुर्कांचे खंदक रिकामे होते आणि तरी आपली फौज बाहेर थांबून राहिली. हे खरं आहे की नंतर रचलेली गोष्ट?
— एक वाचक, नाशिक

ती दुजैलाची लढाई. खरं आहे, जवळजवळ. अगदी ओसाड नव्हते पण नावापुरती माणसं होती.

प्लॅन तसा अख्ख्या मोहिमेतला सगळ्यात चांगला. नदीच्या डाव्या काठाला हन्नाचं बूच बसलंय ना, मग उजव्या काठाने रात्रीत २० हजार माणसं वाळवंटातून चालवत न्यायची आणि पहाटे एकदम दुजैलाच्या मोर्चावर, म्हणजे तुर्कांच्या खंदकांच्या ठाण्यावर, पडायचं. रात्री अंधारात, होकायंत्रावर, बोलायचं नाही, विडी पेटवायची नाही, एवढी फौज चालत गेली आणि तुर्कांना पत्ता लागला नाही. जरा उशीर झाला पण पोचले. समोर मोर्चा शांत. आणि मग हुकूम काय, तर थांबा. कारण ठरलेल्या कागदावर लिहिलं होतं की आधी तोफांनी नेम धरायचा, मग पायदळाने जायचं. तोफा मागे होत्या. त्या आल्या, लागल्या, नेम धरून गोळे टाकायला लागल्या, म्हणजे तुर्कांना जी बातमी रात्रभर लागली नव्हती ती आपणच वाजवून सांगितली. नदीपलीकडून तुर्क नावांतून माणसं आणत होते ती आपल्या लोकांना लांबून दिसत होती म्हणतात. सकाळ अशीच गेली. हल्ला झाला तेव्हा खंदक भरलेले. संध्याकाळी काही पलटणींनी मोर्चात पाय रोवला पण टिकला नाही. साडेतीन हजार माणसं मेली किंवा जखमी झाली, पाणी संपलं, दुसऱ्या दिवशी परत.

तिथून कूट बारा-तेरा किलोमीटर. आत अडकलेल्या शिपायांना तोफांच्या ठिणग्या दिसत होत्या, आवाज येत होता. त्यांच्यात आपल्या तीन पलटणी. कान देऊन बसले असतील की आवाज जवळ येतोय का लांब जातोय.

एल्मरला काढलं, गॉरिंजला आणलं. एप्रिलच्या ५ तारखेला हन्नाचे खंदक शेवटी मिळाले, तर तुर्क रात्रीच मागे सरकलेले, आणि मागे सन्नैयातला पुन्हा तेच, इकडे नदी तिकडे दलदल, त्यात वर डोंगरातला बर्फ वितळून नदीला पूर. ६ ला हल्ला, ९ ला हल्ला, २२ ला हल्ला. तिन्ही फसले. चार महिन्यांत सोडवायला आलेल्यांपैकी २३ हजार माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. आत अडकलेली होती सगळी मिळून १३ हजार.

आमच्या आजी सांगायच्या की तिथे लोकांना घोडं खायला लावलं आणि आपल्या माणसांनी खाल्लं नाही म्हणून ती मेली. तथ्य आहे का?
— एक वाचक, चिपळूण

तथ्य आहे, पण थोडं उलगडून सांगायला पाहिजे.

धान्य संपत आलं तसे घोडे आणि खेचरं कापायला लागले. गोऱ्या सोल्जरांनी खाल्लं. हिंदी शिपायांतल्या बहुतेकांनी, हिंदू काय आणि मुसलमान काय, नाही म्हटलं. त्यांना जवाचं पीठ आणि जे काय मिळेल ते, तेही दर आठवड्याला कमी. भाजीपाला नाही त्यामुळे हिरड्या सुजून रक्त यायचं, स्कर्व्ही, ती हिंदी शिपायांत फार. लोक तटाबाहेर उगवलेलं गवत नि पाला उकडून खायला लागले. टाउनशेंडने हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीचे निरोप मागवले, ते वायरलेसवर आलेही, की वेढ्यात खाल्लं तर दोष नाही. तरी शिपाई हलेनात. आता याला कोणी अडाणीपणा म्हणेल, तेव्हाच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी म्हटलंही, पण त्या माणसाच्या जागी बसून बघा. परवानगी देणारा पंडित लांब मोठ्या शहरात, आणि हा परत जाणार कुठे तर खेड-दापोलीच्या एखाद्या वाडीत, तिथे भावकीने वाळीत टाकलं, पोरीचं लग्न अडलं, तर तो वायरलेस कोणाला दाखवणार? एप्रिलमध्ये, अगदी शेवटी शेवटी, बऱ्याच जणांनी खाल्लं. फार उशीर झाला होता.

त्याच दिवसांत विमानांतून पीठ, साखर वगैरे टाकायचा प्रयत्न झाला, वेढ्यातल्या फौजेला हवेतून रसद टाकायचा जगातला बहुतेक पहिलाच. दळायला जात्याचे दगडसुद्धा वरून सोडले. दोन आठवड्यांत सगळं मिळून सात-आठ टन, त्यातलं काही नदीत, काही तुर्कांच्या अंगणात. २४ एप्रिलच्या रात्री जुलनार नावाची बोट २७० टन माल भरून, पत्रे ठोकून, अंधारात वर सोडली, ती तुर्कांनी नदीत आडव्या बांधलेल्या केबलला अडकली. २९ एप्रिलला टाउनशेंडने शरणागती दिली.

पण आजींच्या वाक्यातला दुसरा भाग, की न खाल्ल्यामुळे मेले, तो तितका सरळ नाही. जास्त माणसं कैदेत मेली, उपासमारीने खंगलेल्यांना तुर्कांनी वाळवंटातून बगदाद, मोसुल, रास-अल-ऐन असं चालवत नेलं आणि तिकडे डोंगरात रेल्वेच्या बोगद्यांच्या कामाला जुंपलं. गोऱ्या शिपायांतले तर शंभरात सत्तरच्या आसपास परत आले नाहीत. हिंदींचं प्रमाण त्यापेक्षा कमी पण तरी हजारोंनी. आणि टाउनशेंडसाहेब? इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात, नोकर-चाकर दिमतीला. युद्ध संपल्यावर पार्लमेंटातही निवडून आले. त्यांचा कुत्रा मात्र तुर्कांनी सन्मानाने परत पाठवला.

लॉरेन्स ऑफ अरेबिया यात होता का?
— एक वाचक, ठाणे

होता, शेवटच्या दिवसांत. त्याला आणि आणखी एका अधिकाऱ्याला पाठवलं होतं तुर्की सेनापती खलील पाशाला पैसे देऊन फौज सोडवता येते का बघायला, दहा लाख पौंड, मग वीस लाख. खलीलने नाही म्हटलं आणि वर गवगवा केला. एवढंच.

हे सगळं वाचून राग येतो. परक्या राजासाठी मेलेल्या भाडोत्री शिपायांचं आपण इतकं कौतुक का करायचं? देशासाठी मेले असते तर गोष्ट वेगळी.
— एक वाचक, नागपूर

कौतुक करा असं मी कुठे म्हटलं? माहिती तरी असू दे, एवढंच.

भाडोत्री म्हणायचं तर भाडं किती ते ऐका, शिपायाचा पगार महिना ११ रुपये. कोकणात वरकस जमीन, चार भाऊ, मुंबईच्या गिरणीत एक आणि पलटणीत एक, असं घर चालायचं. आणि तेव्हाच्या आपल्या पुढाऱ्यांचंही मत इतकं सरळ नव्हतं. टिळकांचं म्हणणं होतं की भरतीला आमची ना नाही पण आमच्या पोरांना ऑफिसर करा, कारण सुभेदार वीस-वीस वर्षं नोकरी झालेला असला तरी कालच्या गोऱ्या लेफ्टनंटच्या खाली. १९१८ मध्ये त्यांनी गांधीजींना ५० हजारांचा चेक पाठवला होता, तुम्ही व्हाइसरॉयकडून ऑफिसरकीचं वचन आणा, मी महाराष्ट्रातून ५ हजार माणसं देतो, नाही दिली तर हे पैसे बुडाले. गांधीजींनी चेक परत पाठवला. तेव्हा राग करायचाच तर जरा नेम धरून करा.

शिवाय कूटच्या फजितीने राजकारण हललं हेही खरं. जखमींचे हाल, म्हणजे टेसिफोनहून उघड्या बोटींत एकावर एक रचून दिवसेंदिवस आणलेली माणसं, जखमांत किडे, अंगाखाली सगळी घाण, हे लंडनला कळल्यावर चौकशी कमिशन बसलं. जून १९१७ मध्ये रिपोर्ट बाहेर आला, त्यात निक्सन, सरसेनापती डफ, व्हाइसरॉय हार्डिंग सगळ्यांवर ताशेरे. भारतमंत्री चेंबरलेनने राजीनामा दिला. पार्लमेंटातल्या चर्चेत माँटेग्यू नावाच्या खासदाराने हिंदुस्थान सरकारचा कारभार लाकडासारखा, लोखंडासारखा, पार जुनाट असल्याचं सुनावलं आणि लगेच त्यालाच भारतमंत्री केलं, आणि त्यानेच २० ऑगस्ट १९१७ ला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली. ती काही फक्त कूटमुळे झाली नाही, होमरूल होतं, लखनौ करार होता. पण कूट त्यात आहे.

नंतर कूट परत घेतलं का?
— एक वाचक, बेळगाव

घेतलं. नवा सेनापती जनरल मॉडने आधी बंदराला धक्के बांधून घेतले, रेल्वे टाकली, बोटी आणल्या, दवाखाने उभे केले, तोफा जमवल्या, काही महिने हललाच नाही. मग डिसेंबर १९१६ ला निघाला, फेब्रुवारीत कूट आणि ११ मार्च १९१७ ला बगदाद. बैल गेला आणि झोपा केला, पण झोपा चांगला केला. तुम्ही बेळगावचे म्हणून एक सांगतो, १९२२ मध्ये या सगळ्या मराठा पलटणी एका रेजिमेंटखाली आल्या आणि पुढे सेंटर तुमच्याकडे आलं, ११७ नंबरला तर मेसोपोटेमियाच्या कामगिरीबद्दल "रॉयल" पदवी मिळाली होती.

माझे पणजोबा तिकडे वारले एवढंच घरात माहीत आहे. कबर किंवा नाव कुठे सापडेल?
— एक वाचक, सध्या दुबई

कबर सापडायची आशा कमी ठेवा. अमाऱ्याला तैग्रिसच्या डाव्या काठावर हिंदी सैनिकांची दफनभूमी आहे, तिथे ५ हजारांच्या आसपास माणसं आहेत आणि त्यात नावाने ओळखता आलेली फक्त ९, कारण कोणाला कुठे ठेवलं याची नोंदच धड केली नाही. बसऱ्याला मोठं स्मारक आहे, ज्यांची कबर नाही अशा ४० हजारांहून जास्त लोकांचं. १९९७ मध्ये सद्दामने ते उचलून वाळवंटात नासिरियाच्या रस्त्यावर हलवलं. तिथे गोऱ्या शिपायाचं नाव दगडावर आहे, हिंदी अधिकाऱ्याचं आहे, पण साध्या हिंदी शिपायाचं नाही, त्याच्या पलटणीखाली नुसता आकडा, म्हणजे वरच्या रत्नागिरीच्या पाटीसारखंच. २०२१ मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने हे चुकलं म्हणून माफी मागितली.

तरी त्याच कमिशनच्या साइटवर आता नावं शोधता येतात, ते करा. पण आडनाव टाकून शोधू नका, तिथेच बहुतेक जण अडकतात. तेव्हा शिपायाचं नाव आणि बापाचं नाव अशी नोंद व्हायची, तीही साहेबाच्या कानाला ऐकू आली तशी, सखारामचं स्पेलिंग चार प्रकारे, विठोबाचं पाच प्रकारे. नाव, बापाचं नाव आणि गाव-तालुका यातलं दोन जुळलं तर आशा धरा. आणि पलटणीचा नंबर माहीत नसेल तर आधी घरात शोधा, पेन्शनचा कागद असेल तर उत्तमच. मेडल असेल तर त्याच्या चित्राकडे बघू नका, कडेला बघा, कडेवर बारीक अक्षरात नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. चांदीचं असेल तर शिपाई, ब्राँझचं असेल तर बहुधा पलटणीबरोबरचा भिस्ती, डोलीवाला किंवा खेचरवाला. बऱ्याच घरांत चांदीचं मेडल सोनाराकडे गेलं आणि त्याचं पैंजण झालं, ब्राँझवाल्यांचं मात्र राहिलं. सुट्टीत गावी याल तेव्हा भिंग घेऊन या आणि कडेवरचा फोटो आम्हाला पाठवा, अक्षरं लावायला मदत करू.